बोसांचे कथील : वनस्पतींच्या ‘वेदने’चा एक लोकप्रिय युक्तिवाद

शाकाहार-मांसाहाराचा वाद आपल्याकडे कुठेही निघाला, तरी तो हमखास एका वाक्यापाशी येऊन थांबतो. ‘झाडांनाही वेदना होतात, हे जगदीशचंद्र बोसांनी शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध केलंय.’ लग्नाची पंगत असो, कट्टा असो की एखाद्या व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरे असोत, हे वाक्य कुणीतरी उच्चारते आणि विषय संपतो. या वाक्याची गंमत अशी की ते दोन्ही पक्षांच्या कामी येते. मटण खाणारा म्हणतो, पालकाच्या जुडीलाही दुखतेच, मग बोकडाचेच काय घेऊन बसलात? अध्यात्माकडे कल असलेला म्हणतो, चराचरात चैतन्य भरले आहे हे पूर्वजांनी सांगितले होते, बोसांनी ते यंत्रावर दाखवले. दोघेही समाधानाने हात धुऊन उठतात. बोकड आणि पालक दोघेही जिथल्या तिथे राहतात.

प्रस्तुत लेखात या वाक्याची उलटतपासणी करायची आहे. मांसाहार करावा की करू नये, याचा निवाडा ज्याने त्याने आपल्या ताटापाशी करावा. मला त्यात पडायचे नाही. माझा आक्षेप असा की बोसांनी दाखवले ते एक, त्यांच्या नावावर खपते ते दुसरे. आणि या दुसऱ्याच्या गलक्यात ‘दुखते कोणाला, आणि ते ओळखायचे कसे’ हा खरा प्रश्न आपण विचारतच नाही. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. बोसांचे ग्रंथ आणि त्यांच्याभोवतीचे वाद ग्रंथालयात बसून, अडले तिथे जाणकारांना विचारून वाचले आहेत. त्यामुळे इथे लिहितो ते सगळे छापील मजकुरावरून कोणालाही पडताळून पाहता येईल.

आधी एक किरकोळ गोष्ट बाजूला करू. ‘वनस्पतींना जीव असतो, हा शोध कोणी लावला?’ असा प्रश्न शाळेच्या प्रश्नमंजूषेत असतो आणि उत्तराच्या जागी बोसांचे नाव असते. वनस्पती जिवंत असतात हे सांगायला बोस कशाला हवेत? ते बी पेरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. बोसांचे काम याहून फार बारीक होते, आणि फार विचित्रही.

बोस मुळात पदार्थवैज्ञानिक. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते अत्यंत लहान लांबीच्या विद्युतलहरींवर काम करत होते. या लहरी टिपणारे धातूचे उपकरण पुष्कळ वेळ वापरले की मंदावते आणि विश्रांती दिली की पुन्हा तरतरीत होते, हे त्यांच्या ध्यानात आले. धातूही थकतो की काय, या शंकेतून पुढचे सगळे संशोधन निघाले. १० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी जे व्याख्यान दिले आणि १९०२ साली ‘रिस्पॉन्स इन द लिव्हिंग अँड नॉन-लिव्हिंग’ या नावाने जे पुस्तक छापले, त्यांत तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत : प्राण्याचा स्नायू, वनस्पतीचा देठ आणि कथलाची तार. तिघांनाही धक्का किंवा पीळ द्यायचा, त्यातून निर्माण होणारा विजेचा प्रवाह मोजायचा आणि त्याचा आलेख काढायचा. तिन्ही आलेख विलक्षण सारखे निघाले. वारंवार धक्के दिले की तिन्ही थकतात. विश्रांतीने सावरतात. सोडियम कार्बोनेटने कथलाला हुशारी येते. ऑक्झॅलिक आम्ल लावले की त्याचा प्रतिसाद बंद पडतो, म्हणजे बोसांच्या भाषेत त्याला विषबाधा होते.

हे कथील आपण विसरतो. बोसांचे नाव घेणाऱ्या शंभरांतल्या नव्व्याण्णवांनी या तारेविषयी ऐकलेले नसते, आणि माझ्या मते सगळा युक्तिवाद त्या तारेपाशीच अडतो. बोसांच्या आलेखावरून झाडाला वेदना होते असे म्हणायचे असेल, तर तोच आलेख कथलाच्या तारेनेही काढून दिलेला आहे. कल्हईवाला भांड्याच्या बुडाला कथील घासतो तेव्हा ते कळवळते, असेही मग मान्य करावे लागेल. ते मान्य नसेल, तर सरळ कबूल करावे की तो आलेख वेदनेचा नव्हता. तो धक्क्याला वस्तूने दिलेल्या उत्तराचा होता. मधली वाट मला तरी दिसत नाही. बोसांची चाचणी झाड आणि बोकड यांच्यातला भेद पुसते असे म्हणतात. तिने पुसला तो सजीव आणि निर्जीव यांच्यातला भेद, आणि तोच पुसायचा त्यांचा उद्देशही होता. व्याख्यानाच्या अखेरीस त्यांनी गंगेकाठच्या पूर्वजांच्या एकत्वाच्या दर्शनाचा उल्लेख केला, तो याच अर्थाने. ते तत्त्वज्ञान म्हणून भव्य आहे. पण सगळ्यांना एकाच पारड्यात घालणाऱ्या मापाने कोणाला दुखते आणि कोणाला नाही, हे कसे निवडणार?

त्याच वर्षी, महिन्याभरातच, रॉयल सोसायटीपुढे बोसांनी हे प्रयोग पुन्हा मांडले, तेव्हा ज्येष्ठ शरीरशास्त्रज्ञ बर्डन-सँडरसन यांनी हरकत घेतली. शीर्षकातला ‘विद्युत-प्रतिसाद’ हा शब्द काढून त्या जागी ‘काही भौतिक प्रतिक्रिया’ असे म्हणावे, ‘प्रतिसाद’ हा शब्द शरीरशास्त्रज्ञांसाठी राहू द्यावा, असे त्यांचे म्हणणे. बोसांनी शब्द बदलायला नकार दिला आणि तो निबंध सोसायटीने छापला नाही. आपल्याकडे हा प्रसंग वसाहतवादी अन्याय म्हणून सांगितला जातो, आणि त्यात तथ्य आहेच. सँडरसन यांनी स्वतः १८७३ साली, डार्विनच्या सूचनेवरून, माशा पकडणाऱ्या ‘व्हीनस फ्लायट्रॅप’ या वनस्पतीतला विजेचा संदेश नोंदवला होता. साध्या वनस्पतीत तसे काही नसते या त्यांच्या हट्टाला पुढे काळानेच उत्तर दिले. वनस्पतींत विद्युतसंदेश सर्रास असतात आणि त्या बाबतीत बोस बरोबर ठरले. तरी शब्दाबद्दलची हरकत अगदीच पोकळ नव्हती, असे मला आज वाटते. ‘प्रतिसाद’ या शब्दात आपोआप एक प्रतिसाद देणारा येऊन बसतो.

आणि ही गोष्ट मराठीत जास्तच घडते. आपल्याकडे ‘संवेदना’ हा एक शब्द तीन घरची कामे करतो. त्वचेला थंड-गरम कळते ती संवेदना. दुसऱ्याच्या दुःखाने कालवाकालव होते तीही संवेदना. सूक्ष्म वजनकाटा ‘संवेदनशील’ असतो आणि कवीही. ‘वनस्पती संवेदनशील असतात’ हे वाक्य पहिल्या अर्थाने निर्विवाद खरे आहे. ते वाचणारा मात्र दुसऱ्या अर्थाने ऐकतो. ‘वेदना’ या शब्दाची कहाणीही अशीच. मूळ धातू ‘विद्’, म्हणजे जाणणे. बौद्ध ग्रंथांत सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशी त्रिविध वेदना सांगितली आहे. मराठीत येईतो तिच्यातले दुखणे तेवढे उरले. लाजाळूचे तर नावच आपण असे ठेवले आहे की तिच्या मनाविषयीचा निकाल बारशालाच लागला. रात्री झाडाला हात लावू नये, ते झोपलेले असते, हे घरोघरच्या आज्यांनी सांगितलेले आहे. त्या सांगण्यात जो जिव्हाळा आहे त्याला माझे वंदन. पण जिव्हाळा हा पुरावा म्हणून दाखल करता येत नाही.

प्रतिसाद आणि वेदना या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे समजायला झाडापर्यंत जायचीही गरज नाही. पाय विस्तवावर पडला तर आधी पाय उचलला जातो, दुखते ते नंतर. पाय उचलण्याचा हुकूम पाठीच्या कण्यातूनच सुटलेला असतो. अपघातात मज्जारज्जू तुटलेल्या माणसाच्या पायाला टोचले तर त्याचा पाय पुष्कळदा आखडतो, आणि त्या माणसाला काहीही कळलेले नसते. म्हणजे आपल्याच शरीरात इजेची नोंद होणे वेगळे आणि दुखणे वेगळे. पहिले दुसऱ्याशिवाय घडू शकते. मग देठ आखडला, पान मिटले, सुई हलली एवढ्यावरून दुखण्याचा निष्कर्ष कसा काढणार?

बोसांच्या प्रयोगांना वेदनेचा रंग चढवण्याचे मुख्य काम केले ते १९७३ साली अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकाने : पीटर टॉम्प्किन्स आणि ख्रिस्तोफर बर्ड यांचे ‘द सीक्रेट लाइफ ऑफ प्लान्ट्स’. ते प्रचंड खपले, त्यावर चित्रपट निघाला. बोसांवर त्यात एक गौरवाचे प्रकरण आहे. पण पुस्तकाचा खरा नायक क्लीव्ह बॅक्स्टर. हा गृहस्थ खोटे पकडण्याच्या यंत्राचा तज्ज्ञ. फेब्रुवारी १९६६ मध्ये त्याने आपल्या कचेरीतल्या ड्रॅसिनाच्या पानाला ते यंत्र जोडले. पान जाळावे असा नुसता विचार मनात येताच यंत्राची सुई उसळली, असा त्याचा दावा. पुढे १९६८ साली त्याने परामानसशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रयोग प्रसिद्ध केला. एका खोलीत यंत्राला जोडलेली झाडे, दुसऱ्या खोलीत उकळते पाणी. एक यांत्रिक कप आपोआप उलटा होऊन त्या पाण्यात जिवंत ब्राइन श्रिम्प टाकणार. हे श्रिम्प म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीच्या नात्यातले बारीक कवचधारी जीव. ते मरताच पलीकडच्या खोलीतली झाडे हळहळली, असा बॅक्स्टरचा निष्कर्ष.

१९७५ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या होरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला आणि ‘सायन्स’मध्ये छापला. झाडांनी काहीही दाखवले नाही. इथे विषय संपायला हवा होता. अर्थात तो संपला नाही, कारण खंडनाचे चित्रपट निघत नाहीत. परंतु त्या फसलेल्या प्रयोगापेक्षा मला त्याच्या मांडणीने अधिक अस्वस्थ केले. उकळत्या पाण्यात पडले ते श्रिम्प. यंत्र जोडले होते झाडाला. इतकी वर्षे समर्थक आणि विरोधक दोघेही ‘झाडाला काही वाटले का’ यावरच भांडत राहिले. पाण्यात पडणाऱ्याला काय वाटले, हे त्या मांडणीत कोणाला विचारावेसेच वाटले नाही. ‘झाडांनाही दुखते’ हे वाक्य आपल्या पंगतीत नेमके हेच काम करते. ते झाडाविषयीची करुणा वाढवत नाही. ताटात जो असतो त्याच्याकडून नजर तेवढी हलवते.

वनस्पतींवरचे नवे संशोधन याहून कितीतरी गंभीर आहे आणि त्याला बॅक्स्टरच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत २०१८ साली दाखवले गेले की अळीने पान कुरतडले की जखमेपाशी ग्लुटामेट हे रसायन सुटते, त्यातून कॅल्शियमची एक लाट निघते आणि काही मिनिटांच्या आत दूरच्या पानांपर्यंत पोचते. ती पाने मग बचावाची रसायने तयार करू लागतात. ग्लुटामेट आपल्या मेंदूतही संदेश नेते, त्यामुळे मथळे लिहिणाऱ्यांची चंगळ झाली. पुढे २०२३ साली तेल अवीव विद्यापीठातल्या गटाने टोमॅटो आणि तंबाखूची रोपे ‘बोलताना’ टिपली. पाणी तोडलेले किंवा देठ कापलेले रोप तासाला तीसपन्नास कडकड आवाज करते, सुखरूप रोप एखादाही क्वचित. आपल्या कानाला ते ऐकू येत नाहीत इतक्या उंच पट्टीचे. ‘झाडे किंचाळतात’ अशी बातमी सगळीकडे झळकली. संशोधकांच्या मते त्या आवाजाचे संभाव्य कारण म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत ताणामुळे बुडबुडे होऊन फुटणे. कुकरची शिटी होते तेव्हा आत काय शिजते आहे याची माहिती आपल्याला मिळते. कुकर ती मुद्दाम देत नसतो. तसाच हा आवाज एखाद्या पतंगाला किंवा शेतकऱ्याला उपयोगी पडू शकेल. किंकाळी म्हणायला मात्र आतून कोणीतरी ओरडावे लागते.

२००६ साली काही शास्त्रज्ञांनी ‘वनस्पती-मज्जाशास्त्र’ अशी नवी शाखाच जाहीर केली. पुढच्याच वर्षी ३६ वनस्पतितज्ज्ञांनी सही करून तिला विरोध केला आणि तेव्हापासून ही लढाई चालू आहे. वाटाण्याचे रोप कुत्र्यासारखे संकेत शिकते, हा २०१६ चा गाजलेला प्रयोग २०२० मध्ये पुन्हा करून पाहिल्यावर तसा निकाल आला नाही. या बाजूचा सर्वांत विचार करण्याजोगा पुरावा भूल देण्याचा. इथर दिले की लाजाळू मिटत नाही, हे क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते आणि २०१८ साली ते नव्या साधनांनी पुन्हा दिसले. भूल चढते म्हणजे जाणीव असणारच, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याच बेर्नार यांनी इथरने बियांचे रुजणे आणि यीस्टचे आंबवणेही थांबवून दाखवले. भूल पेशीच्या आवरणावर काम करते, आणि पेशी सगळ्यांनाच असतात. भाकरीचे नव्हे पण पावाचे पीठ फुगायचे थांबले म्हणून ते बेशुद्ध पडले असे कोणी म्हणत नाही.

मग वेदना ओळखायची कशी? प्राण्यांकडून तरी आपण ती कशी ओळखतो? याचे उत्तर शोधण्याची पद्धत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरीच पक्की झाली आहे. इजा झाली की प्राणी हलतो का, हा प्रश्न तिने मागे टाकला. तिचा प्रश्न असा की इजेमुळे प्राण्याचे बाकीचे जगणे बदलते का, आणि दुखणे घालवण्यासाठी तो काही किंमत मोजतो का.

लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा विनेगरमधले आम्ल टोचले. मासे तळाशी डोलू लागले, काहींनी ओठ खड्यांवर घासले, आणि सुमारे तीन तास अन्नाकडे फिरकले नाहीत. एरवी नव्या वस्तूपासून दूर राहणारा मासा या अवस्थेत टाकीत ठेवलेल्या अनोळखी मनोऱ्याकडे लक्षच देईना. मॉर्फिन दिल्यावर हे सगळे ओसरले. दाढ ठणकत असताना आपलेही वर्तमानपत्रात लक्ष लागत नाही, तो प्रकार. ब्रायन की यांच्यासारखे शास्त्रज्ञ हे मानत नाहीत. माशाला आपल्यासारखा मेंदूचा बाह्यस्तर नाही, तेव्हा त्याला दुखणे अशक्य, असा त्यांचा युक्तिवाद. परंतु तशा घडणीचा स्तर पक्ष्यांनाही नसतो, आणि कोंबडीला दुखत नाही म्हणायला फारसे कोणी तयार होणार नाही.

बेलफास्टच्या रॉबर्ट एलवूड यांचा खेकड्यावरचा प्रयोग मला या सगळ्यांत सर्वांत बोलका वाटतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. शंखात बिऱ्हाड करून राहणारे खेकडे आपल्या किनाऱ्यांवरही दिसतात. ‘हर्मिट क्रॅब’ तो हाच. त्याला काही शंख फार आवडतात, काही चालवून घेतो. एलवूड यांनी दोन्ही प्रकारच्या शंखांत बारीक तारा बसवून आतल्या खेकड्याला विजेचे सौम्य झटके दिले. झटका ही नुसती कळ दाबण्यासारखी गोष्ट असती, तर सगळे खेकडे सारख्याच वेळी बाहेर पडले असते. तसे झाले नाही. नावडत्या शंखातले खेकडे लवकर घर सोडून निघाले, आवडत्या शंखातले झटका सोसत राहिले. जे राहिले, त्यांना नंतर नवा शंख दिला तेव्हा ते झटका न बसलेल्या खेकड्यांपेक्षा घाईने तिकडे वळले. झटके बंद झालेले असूनही. घर चांगले आहे म्हणून सोसायचे आणि संधी मिळताच निघायचे, या वागण्यात एका पारड्यात सुख आणि दुसऱ्यात दुःख घालून तोललेले दिसते.

पारडी वाटाण्याची मुळेही तोलतात, असा आक्षेप येईल आणि तो खरा आहे. मुळे दोन कुंड्यांत वाटून दिली तर एकूण पोषण तुटपुंजे असताना रोप बेभरवशाच्या कुंडीकडे अधिक मुळे धाडते, असे २०१६ साली आढळले. म्हणून एकट्यादुकट्या चाचणीवर विसंबून भागत नाही. पुराव्याची जुडी लागते. ब्रिटिश सरकारच्या सांगण्यावरून जोनाथन बर्च आणि सहकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात अशा आठ कसोट्या आहेत. इजा नोंदवणारे चेतातंतू, निरनिराळी माहिती एकत्र आणणारा मेंदूचा भाग, दोहोंमधला दुवा, भूल आणि वेदनाशामकांचा परिणाम, तोलून निर्णय घेणे, जखमेची निगा, अनुभवातून शिकणे, आणि जखमी असताना वेदनाशामकाची स्वतःहून निवड. तीनशेहून अधिक शोधनिबंध चाळून त्यांनी ऑक्टोपसच्या बाबतीत पुरावा अतिशय भक्कम आणि खेकड्यांच्या बाबतीत भक्कम ठरवला. कोळंबीच्या बाबतीत तो तोकडा निघाला, मुख्यतः तिच्यावर प्रयोगच थोडे झाल्यामुळे. झालेल्यांतही एकमत नाही. मिशीला आम्ल लावल्यावर ती कुरवाळत बसणारी एक जात २००८ साली दिसली, तर २०१० च्या प्रयोगात दुसऱ्या जातींनी आम्लाची दखलच घेतली नाही. अहवालानंतर २०२२ साली ब्रिटिश कायद्यात ‘जाणीव असलेल्या प्राण्यां’त खेकडे, कोळंबी आणि ऑक्टोपस यांची नोंद झाली.

मेंदू, तंतू यांचा हा आग्रह म्हणजे आपल्यासारख्यांनाच दुखते असे मानण्याचा माणसाचा अहंकार, हा वनस्पतीच्या बाजूने केला जाणारा सर्वांत चांगला आक्षेप आहे. त्याला उत्तर ऑक्टोपस देतो. आपला आणि त्याचा वंश पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळा झाला; त्याच्या मज्जापेशींपैकी बहुसंख्य त्याच्या बाहूंत विखुरलेल्या. रॉबिन क्रूक यांच्या २०२१ च्या प्रयोगात बाहूत आम्ल टोचलेला ऑक्टोपस पूर्वी आवडलेली खोली टाळू लागला, जखमेवरची कातडी चोचीने सोलू लागला, आणि बधिर करणारे औषध जिथे मिळाले त्या खोलीकडे वळला. घडण इतकी परकी असूनही तो कसोटीला उतरला. झाडाला दार बंद नाही. त्या कसोट्यांपैकी बहुतेकींवर झाडाच्या बाजूने दाखवण्यासारखे आज काही नाही, इतकेच.

‘वनस्पतीला अंतर्याम असते’ हे आपल्या परंपरेने मानलेच आहे, असेही सांगितले जाते. बरोबर आहे. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात वनस्पतींना अंतःसंज्ञ आणि सुखदुःखयुक्त म्हटले आहे. जैनांनी तर हा विचार सर्वांत गांभीर्याने केला. वनस्पती एकेंद्रिय, तिला स्पर्श तेवढा. कृमी द्वींद्रिय, मुंगी त्रींद्रिय, भुंगा चतुरिंद्रिय, माणूस पंचेंद्रिय, अशी चढण तत्त्वार्थसूत्रात आहे. स्थावर जिवाला होणारी इजा पटवताना आचारांगसूत्र आंधळ्याला मारण्याचा दाखला देते. सांगता येत नाही म्हणून लागत नाही असे समजू नये, हा त्याचा रोख. मला आजच्या पुराव्यावर हे मान्य करता येत नाही. तरी या मंडळींनी त्यातून काय निष्पन्न केले ते पाहा. झाडालाही दुखते, म्हणून पान तोडताना हात आवरा. कंद उपटू नका, त्यात अनंत जीव आहेत. आणि दोन-तीन-चार इंद्रियांचे जीव तर जपाच. पंगतीतला युक्तिवाद त्याच आधारवाक्यावरून उलट्या दिशेला निघतो : झाडालाही दुखते, म्हणून बोकडाचे मनावर घेऊ नका. शिवाय बोकड काही हवा खाऊन वाढत नाही. झाडपाल्याच्या वेदनेचा ज्याला खरोखर कळवळा असेल, त्याने बोकडाने जन्मभर खाल्लेला पालाही हिशेबात धरला पाहिजे.

आता आपल्या बाजाराकडे येतो. बैलाच्या बाबतीत निदान सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला; २०१४ साली शर्यती बंद झाल्या, महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो वैध ठरवला. निकाल कोणाला पटो न पटो, बैलाला दुखते का हा प्रश्न कोर्टात उघड चर्चिला गेला. खेकड्याच्या वाट्याला तेवढेही आले नाही. चिंबोऱ्या जिवंत विकतात, कारण मेलेली चिंबोरी लवकर बिघडते. सुतळीने बांधलेली चिंबोरी घरी आणायची, जिवंतपणीच तिचे डेंगे आणि पाय मोडायचे, मग पाठ उघडायची, हा किनारपट्टीचा रोजचा रिवाज आहे. वर सांगितलेल्या अहवालाने नेमक्या याच रीतीविरुद्ध, म्हणजे बेशुद्ध न करता अवयव तोडणे आणि जिवंत उकळणे यांविरुद्ध, स्पष्ट शिफारस केली आहे. स्वित्झर्लंडने २०१८ पासून लॉब्स्टर शुद्धीवर असताना उकळायला बंदी घातली. बर्फात ठेवून खेकडा खरोखर बधिर होतो की नुसता लुळा पडतो, यावर अजून वाद आहे. पण डेंगे मोडण्याआधी त्याला एका घावात मारायला काही संशोधन लागत नाही. मोडता मोडता मारण्यात चवीचा कोणता फायदा आहे, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही.

कोळंबीचे प्रकरण याहून मोठ्या प्रमाणावरचे आहे, आणि ते आपल्या नजरेआड चालते. भारतातून निर्यात होणारी बहुतेक शेतीची कोळंबी ‘व्हनामी’ जातीची, मुख्यतः आंध्राच्या किनाऱ्यावर वाढवलेली. तिची पिल्ले तयार करणाऱ्या केंद्रांत मादीचा एक डोळा देठासकट चिमटून, कापून किंवा डागून काढण्याची पद्धत जगभर रूढ आहे. अंडाशय पक्व होऊ न देणारे संप्रेरक डोळ्याच्या देठात असते. देठ गेला की मादी लवकर अंडी देते. त्या जागी आधी बधिर करणारे औषध लावले तर मादीतली ताणाची लक्षणे कमी दिसतात, हे व्हनामीवरच्याच प्रयोगांत नोंदवलेले आहे. कोळंबीचा पुरावा तोकडा आहे हे मी वर लिहिलेच. तरी डोळा गमावणाऱ्या मादीच्या बाजूने जेवढे हाती आहे, तेवढे पालकाच्या जुडीच्या बाजूने नाही.

आपला कायदा या बाबतीत कागदावर मागासलेला नाही, ही यातली विलक्षण गोष्ट. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याची व्याख्या ‘माणसाखेरीज कोणताही सजीव प्राणिमात्र’ अशी आहे. कणा असलेला की नसलेला, असा भेद तीत नाही. अन्नासाठी प्राणी मारण्याला अकराव्या कलमात सूट दिलेली आहे. पण मारताना किंवा मारण्याची तयारी करताना अनावश्यक वेदना दिली, तर ती सूट लागू होत नाही, असेही तिथेच लिहिले आहे. म्हणजे जिवंत चिंबोरीचे डेंगे मोडणे अक्षरशः वाचले तर या कलमाखाली येते. मूळ कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो जास्तीत जास्त पन्नास रुपये. चिंबोरीचा एक डेंगाही आज त्या दंडात मिळत नाही.